गरम झाल्यावर चढणारी रेस

सेलू, दि. ६ जानेवारी २०२५

चि. महारुद्र यास शिवकन्याताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. आई दोन घास खायलीय, शेतातली कपाशी वेचून झाली. तुझी तब्येत कळव. जेलच्या फोनची पाच मिनिटं तुमा मायलेकरांच्या रडण्यातच जातात, म्हणून कागद घेतला.

पोलिसांकडून आपला ट्रक परवा सुटून आला. आई म्हणती, बाबांना चिरडणारी ही अवदसा दारात नको, भंगारात घाल. आज भंगारवाला बघायला येणार म्हणून मी गाडी चालू करून ठेवली आणि खाली उतरून काच पुसायले. अर्धा तास इंजिन शहाण्यावानी चाललं. मग रेस आपोआप चढायली. कॅबिनमधी कुणी न्हाई, पायडलवर पाय न्हाई, आणि गाडी नुसती बोंबलायली. बाबा गेले त्या दिवशी जिनिंगच्या आवारात असाच आवाज होता. माझं डोकं फिरलं. लोखंडी टॉमी घेतली आन् समोरचे दोन्ही दिवे फोडले. भंगारवाला दारातूनच पळाला.

आता खरं सांग. आपल्या ड्रायव्हरनं, रामप्रसादनं, दारू पिऊन पायडल दाबलं म्हणून गाडी मागं उसळली, असं तू म्हणतोस. मग आज कुणी दाबलं? जामीन झाला की आधी त्याला संपवतो, असं तू आईला बोललास. ती तवापासून झोपली न्हाई. एक खांदा गेला, दुसरा फासावर पाठवायचा का तिनं?

आईचा आशीर्वाद. राग आवर, माया तेवढी राहू दे.
तुझी ताई

परभणी कारागृह, दि. ११ जानेवारी

ती. शिवकन्याताईस महारुद्रचा शि. सा. नमस्कार.

पत्र पावलं. हे पत्र आधी साहेब वाचणार, वाचू दे. मी बोललो ते बोललो. जामिनाची तारीख २७ हाय. मी सुटलो की रामप्रसादचा उरलेला पाय मोडणार आणि मग त्याचा जीव घेणार. बारा वर्षं बाबांच्या ताटात जेवला तो. बाबा मागं उभे राहून येऊ दे, येऊ दे करायलते, आणि ह्यानं त्यांना भिंत आन् गाडीच्या हौद्यामधी चिरडलं. बाबांच्या छातीचा आवाज मी ऐकला, तू न्हाई ऐकलास.

पिला न्हवता म्हणतात लोक. मला काय करायचंय! केबिनमधून ओढून काढला तवा तोंडानं बोलायच्या ऐवजी बॉनेटकडं बोट करायलता, दोष गाडीवर ढकलायला. ते बोटच मी आधी मोडलं. मग जबडा, मग गुडघा. चार माणसांनी धरलं म्हणून वाचला. काल बराकीत एकानं बाबांचं नाव काढलं, त्याचाही दात पाडला.

बाकी तुझ्या फिटरगिरीचं हसू आलं. दिवे फोडून रेस उतरत न्हाई, ताईसाहेब! लहानपणी तुला पाना आन् पकड ओळखू येत न्हवती. आता सांगतो तसं कर. गाडी अर्धा तास गरम होऊ दे. रेस चढली की पायडलपासून डिझेल पंपाला येणारी दांडी सोडव. दांडी सोडल्यावर रेस उतरली तर दोष पायडलकडं. न्हाई उतरली, तर पंपावरचा छोटा लिव्हर बोटानं मागं ढकल. तवा उतरली तर पंप चांगला हाय, लिव्हरला मागं ओढणारी स्प्रिंग मेली. हात पंख्यापासून लांब ठेव, न्हाईतर मनगटासकट जाईल.

पण माझं ध्यान ठेव, पाय त्याचाच होता. आईस दंडवत. लोभ असावा असं कोणत्या तोंडानं लिहू, तरी असावा.
तुझा महारुद्र

सेलू, दि. १६ जानेवारी

चि. महारुद्र यास अ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवताना बोट आणि जबडा मी गाळला.

तू लिहिलं तसं केलं. थंड असताना रेस बरोबर. पोलिसांच्या तपासणीतही थंडच होती, म्हणून गाडीत दोष न्हाई असं लिहिलं गेलं असंल. पस्तीस मिनिटांनी चढली. दांडी सोडवली, तशीच. दणादण आवाज, बॉनेट थरथरायलेलं, आणि मी देवाचं नाव घेऊन आत हात घातला. लिव्हर मागं ढकलला आन् रेस खाडकन खाली आली. सोडला की पुन्हा वर. तीनदा करून बघितलं. कोपर भाजलं, त्याला तूप लावलंय.

मग स्प्रिंग शोधली. स्प्रिंग न्हाईच रे! स्प्रिंगच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली. दोन पदरी. डिझेलनं भिजून फुगलेली, वरून कपाशीची रुई चिकटून लोंबायलेली, म्हणून कुणाला दिसली न्हाई. थंडीत ताठ राहती, गरम झाली की सैल पडती. तवा लिव्हर मागं येत न्हाई. त्या दिवशी रामप्रसादनं उलटा गियर टाकून क्लच सोडला असंल आणि गाडी उसळली असंल. ब्रेक तरी काय धरणार!

म्हणजे रामप्रसादचा पाय न्हवता. पट्टी तांब्याच्या तारेनं बांधली हाय, तीन वेढे, आणि तारेचं टोक आत वळवलंय, हाताला लागू नये म्हणून. कोण्या मेल्यानं बांधली कुणास ठाऊक. ज्यानं बांधली त्याचे हात तुटोत, असं मी तिथंच उभी राहून बोलले.

रामप्रसादचा जबडा अजून तारेनं बांधलेला हाय. बोलता येत न्हाई, लिहिता येतं ते सहीपुरतं, आणि ते बोटही कामातून गेलं. आता तरी त्याचा नाद सोड. माझी शपथ.

आईचा आशीर्वाद. उत्तराची वाट बघतेय, मायेत अंतर देऊ नको.
तुझी ताई

परभणी कारागृह, दि. २१ जानेवारी

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

तीन दिवस पत्र लिहिलं न्हाई. भिंतीवर हात आपटून घेतला, सुजलाय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तारेचं टोक आत वळवायची खोड माझी हाय. मी दहा वर्षांचा असताना मी बांधलेल्या तारेनं तुझा तळहात फाटला, तवापासून मी टोक उघडं सोडत न्हाई. दिवाळीच्या आधी मानवतच्या रस्त्यावर स्प्रिंग तुटली. दुकान बंद. मी ट्यूब कापली, बांधली, आणि बाबांना म्हणालो, सेलूत गेल्यावर नवी टाकू. रामप्रसादनं दोनदा आठवण करून दिली. मी म्हणालो, उद्या. मग हंगाम सुरू झाला, फेऱ्या वाढल्या, आणि मी साफ विसरलो. थंड गाडीत काही कळायचंच न्हाई.

बाबांना मी मारलं, ताई. आणि तो मला तेच दाखवायलता. मी ऐकायच्या ऐवजी त्याचं बोट मोडलं.

पट्टी जाळू नको. वकील म्हणाला, हे लिहू नका, खटला उलटा पडंल. मी लिहायलोय, साहेब वाचायलेत, आता लपवायला जागाच न्हाई. पट्टी ठाण्यात जमा कर. २७ तारखेला जामीन मागू नको म्हणून वकिलाला सांग. हे पत्र रामप्रसादला वाचून दाखव. माफी माग असं म्हणत न्हाई, ती कोणत्या तोंडानं मागायची? फक्त वाच.

बांधणाऱ्याचे हात तुटोत म्हणालीस, ते बरोबरच बोललीस. आईला तूच सांग, माझी हिंमत न्हाई.
महारुद्र

सेलू, दि. २५ जानेवारी

चि. महारुद्र यास अ. आ.

पट्टी ठाण्यात दिली, पोच घेतली. नवी स्प्रिंग मी स्वतः बसवली, गाडी आता तासभर चालली तरी रेस चढत न्हाई. आईला सांगितलं. ती चुलीपुढं जाऊन बसली. संध्याकाळी तुझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू वळायला घेतले आणि अर्ध्यातच टोपलं ढकलून दिलं.

काल रामप्रसादकडं गेले. त्याच्या बायकोनं, दैवशालानं, दारातच माझ्या तोंडावर चप्पल मारली. ओठ फुटला. मी हात वर केला न्हाई, केला असता तर मलाच लाज वाटली असती. मग ती बाजूला झाली. मी रक्त पुसलं आन् त्याच्या बाजेजवळ बसून तुझं पत्र वाचलं, एक अक्षर न गाळता. उद्या म्हणालो, हे वाचलं तवा त्यानं डोळे मिटले.

वाचून झाल्यावर मला वाटलं, तो काहीतरी खूण करंल, मायेची न्हाई तर निदान शांत झाल्याची. त्यानं ते वाकडं बोट उचललं. लय वेळ लागला उचलायला. आणि दाराकडं दाखवलं.

या वेळी आपल्या घरातल्या कुणीतरी त्याचं ऐकलं. मी उठून निघून आले.

झाले तेवढे लाडू पाठवतेय. जेवत जा. माया हाय, ती मागावी लागणार न्हाई.
तुझी ताई