करंड्यातली उंटअळी

सालेकसा, १३ सप्टेंबर १९३७
शामकला तीजेसाठी माहेरी अर्जुनीला गेली आहे. न्यायला भाऊ येतो, आणायला नवऱ्यानं जायचं, अशी इकडची रीत. रविवारी जाणार. नक्की. निघताना म्हणाली, तुमाले काहीच कसं वाटून नाही राहिलं? मी मोजणी खात्यातला अमीन. मोजता येतं तेवढंच वाटतं.

१५ सप्टेंबर
बाभळीवर उंटअळी सापडली. पाठीची कमान करत, जमिनीवर मोजणीची साखळी टाकल्यासारखी चालते. म्हणजे आमच्याच डिपार्टमेंटची. मी आधी पाहिलेली नाही, अर्थात नवी जात. पाखरू निघालं की नागपूरच्या म्युझियमला पाठवायचं. नाव माझ्यावरून : श्यामलाली. शामकलालाही अभिमान वाटेल.

१९ सप्टेंबर, रविवार
जाणं रहित. अळी कोष करायच्या बेतात. तिला माती हवी, झाकण हवं. शामकलाचा लाकडी करंडा अगदी मापाचा निघाला. कुंकू पुडीत बांधलं, माती भरली.

२० सप्टेंबर
शेजारच्या देवकाबाई डोकावल्या. म्हणाल्या, श्यामलाल, बायकोच्या करंड्यात माती कायले भरून राहिला? तू जित्ताच आहेस ना? त्यांना सायन्स समजावलं. पदर तोंडाला लावून गेल्या.

२६ सप्टेंबर
मेव्हणा दुलीचंद आला होता. म्हणाला, शामकलाबाई रोज गाडीच्या टायमाले दारात बसून राहते. म्हटलं, पाखरू निघू दे, लगेच येतो. करंडा दाखवला. अर्धा चहा टाकून उठला. गाडीची घाई असावी.

१ ऑक्टोबर, सकाळ
निघालं. राखाडी, नखाएवढं. भिंतीवर पंख सपाट पसरून बसलं, जणू गावचा नकाशा. आनंद व्हायला हवा होता. होईल. टाचणी आणेपर्यंत पालीनं गिळलं. हरकत नाही. अर्जुनीला जायला मोकळा झालो.

३ ऑक्टोबर, संध्याकाळ
जाऊन आलो. शामकला दारातच भेटली. उशिराचं कारण नीट, क्रमवार सांगितलं : अळी, कोष, पाल. तिनं विचारलं, तुमी मले न्यायले आले, का हे सांगायले? प्रश्न सोपा होता. म्हटलं, दोन्ही. ती आत गेली. मी थांबलो. बऱ्याच वेळानं दुलीचंदनं माझी छत्री आणून हातात दिली.

इकडे देवकाबाईंनी दोघांचा भात रांधून ठेवलेला. दोन्ही वाटे मीच जेवलो. मग ताटावरून उठवेना.