माझा वजीर आणि तुझा खोकला

तीर्थरूप ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

(गुडघ्यांमुळे हल्ली आठांपैकी साडेपाचच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली अडीच मनाने टेकवली आहेत असं समज.) इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या खुब्याचं हाड सांधलं, काठी घेऊन तू स्वयंपाकघरापर्यंत जातेस, असं तू फोनवर म्हणालीस. तुझे डॉक्टर मात्र मला जरा वेगळं सांगतात. तीन जिने, लिफ्ट नाही, घरात दुसरं माणूस नाही आणि वय एकाहत्तर, हे गणित त्यांना अजिबात पसंत नाही. पण तो विषय मी या पत्रात काढणार नाही. मागे एकदा काढला, तेव्हा "मी कुणाच्या घरातली अडगळ होणार नाही" एवढं बोलून तू फोन ठेवलास, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अडतीस वर्षं काढलेल्या बाईने फोन ठेवला की तो ठेवल्यासारखा वाटतो. आमच्या हिनेही बजावलंय की पत्रात तो विषय नको. तेव्हा हे पत्र फक्त बुद्धिबळाबद्दल आहे.

झालं असं, की कवळ्या घडवायचं काम बंद केल्यापासून माझे हात रिकामे झाले. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात दात बसवले. आता दिवसभर करायचं काय? मग मोबाईलवर बुद्धिबळ खेळायला लागलो. समोरचा माणूस जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसलाय ते कळत नाही. चेहरा नाही, नाव नाही, नावाच्या जागी काहीतरी आकडे आणि फोटोच्या जागी मांजर. अशा शंभर मांजरांशी खेळून झालं की ते ॲप आपलं प्रगतिपुस्तक काढतं. त्यात तीन रकाने: बलस्थानं, उणिवा आणि सुधारणेचा आराखडा. शाळेत आपले गुरुजी निदान "मुलगा गरीब आहे" असं काहीतरी सावरून लिहायचे. या ॲपला तेवढीही माणुसकी नाही.

आधी बलस्थानं सांगतो, कारण ती लवकर संपतात. एक, हा खेळाडू हरलेला डाव सोडत नाही. (ॲप याला चिकाटी म्हणतं. हिच्याकडे याच गुणाला दुसरा शब्द आहे, तो तुला ठाऊक आहे, कारण लहानपणी तूही तोच वापरायचीस.) दोन, पटावर मोजकी मोहरी उरली की हा खेळाडू फार सुरेख खेळतो. हे वाचून मला भरून आलं. पण नंतर उणिवांचा रकाना वाचला आणि या कौतुकामागचं कारण कळलं. शंभरांपैकी अडुसष्ट डावांत माझा वजीर बाराव्या चालीच्या आत फुकट गेला होता. म्हणजे मोजक्या मोहऱ्यांनी खेळायचा सराव मला इतका झालाय, की तेवढा तो जगज्जेत्यालाही नसेल.

दुसरी उणीव वेळेची. ऐन मोक्याच्या चालीला हा खेळाडू मोहरं उचलतो, नव्या घरात नेतो आणि तिथेच थबकतो, असं त्यांनी लिहिलंय. का थबकतो, हे त्यांना कळलेलं नाही. मलाही कळलं नव्हतं. हिने एकदा पाहिलं. फोन टेबलावर, माझं बोट काचेवर दाबून धरलेलं, घड्याळ पळतंय आणि माझी मान डावीकडे जराशी वळलेली. मान का वळवली, असं तिने विचारलं. मी म्हणालो, आखडलीय. तेवढ्यात वेळ संपली आणि मांजर जिंकलं. आणि मग, ताई, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी खोकल्याची वाट बघत होतो.

तुला ती बाहेरची खोली आठवते ना? खिडकीखालचं टेबल, आणि त्यावर बाबांनी स्वतः रंगवलेला पट. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाच्या घरात पांढरा-काळा पट कुठून असणार? ज्या डब्यांत रंग उरला होता ते दोन रंग, निळा आणि पिवळा. पट उलटा केला की मागे "येथे छत्र्या दुरुस्त करून मिळतील" अशी पाटी, कारण ते दुकान उघडायच्या आधीच बंद पडलं होतं. माझा एक उंट हरवला होता, म्हणून त्याच्या जागी तुझं दोऱ्याचं रीळ उभं असायचं. (डाव चालू असताना तुला दोरा लागला की तू माझा उंट उचलून न्यायचीस आणि परत ठेवताना हमखास भलत्याच घरात ठेवायचीस. बाबांनी त्याला कधी हरकत घेतली नाही, हेही आता आठवतंय.) आई गेल्यानंतरचं ते तिसरं वर्ष असेल. मी अकरा वर्षांचा, तू एकोणीसची, नुकतीच एक्स्चेंजमध्ये लागलेली. संध्याकाळी कामावरून यायचीस तेव्हा कानांवर त्या हेडफोनचे लाल वळ असायचे. भाकरी टाकून झाली की शिवण घेऊन तू माझ्यामागे, डाव्या हाताला, ट्रंकेवर बसायचीस.

घरचा कायदा एवढाच होता, की मोहऱ्यावरचं बोट उचललं नाही तोवर चाल झाली नाही. बाबा वजिरावर डोळा ठेवून बसायचे आणि मी हटकून तो त्यांच्या तोंडी द्यायचो. आणि बोट उचलणार तेवढ्यात मागून तुझा खोकला यायचा. एकच, बारीक, अगदी सभ्य. मी वजीर मागे घ्यायचो. आता गंमत अशी, की तुला बुद्धिबळ येत नव्हतं. अजूनही येत नाही. घोडा कसा चालतो ते मी तुला सोळा वेळा शिकवलंय. तू पट बघतच नव्हतीस. तू बाबांकडे बघायचीस. सावज टप्प्यात आलं की बाबा एकदम निरागस चेहरा करून खिडकीबाहेर बघायला लागायचे, आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले की तू खोकायचीस. माझ्या अख्ख्या बुद्धिबळाचा पाया हा एवढाच. वजीर सांभाळायला मी कधी शिकलोच नाही, कारण ते काम तुझ्याकडे होतं.

बाबांना हे कळत नव्हतं असं थोडंच आहे? एक दिवस त्यांनी खोकल्याच्या औषधाची बाटली आणून पटाशेजारी ठेवली, वर एक चमचा ठेवला, आणि डाव मांडला. तू खोकलीस. बाबांनी चमचा भरून पुढे केला. ते औषध किती कडू होतं ते मला माहीत आहे, मी एकदा नुसतं बोट लावून चाखलं होतं. तू चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते प्यायलीस, आणि पाच चालींनी पुन्हा खोकलीस. त्या हिवाळ्यात तू अशा दोन बाटल्या संपवल्यास. ठणठणीत तब्येतीची मुलगी, आणि धाकट्या भावाचा लाकडी वजीर वाचावा म्हणून रोज संध्याकाळी चमचे रिचवत होती. दोन बाटल्यांत मी किती डाव जिंकलो? एक. आणि तो मी माझ्या हुशारीवर जिंकलो, असं पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत होतो. तेव्हा मला या सगळ्याची नुसती गंमत वाटायची.

असो. सुधारणेचा आराखडा. ॲप म्हणतं, रोज वीस कोडी सोडवा आणि प्रत्येक चालीआधी स्वतःला विचारा, समोरच्याच्या मनात काय आहे? मांजराच्या मनात काय आहे ते मी कसं सांगणार? ते खिडकीबाहेर बघतंय की नाही हेसुद्धा दिसत नाही. म्हणून मी माझा स्वतंत्र आराखडा केला. पहिल्यांदा सौजन्य करून पाहिलं. समोरच्याचा वजीर माझ्या माऱ्यात आला की तिथल्या तिथे लिहून पाठवायचो, "वजीर सांभाळा." आपण चांगलं वागलो की समोरचाही वागेल, असा हिशेब. ते वजीर सांभाळायचे आणि मग माझा घ्यायचे. काहींना ती शिवी वाटली, त्यांनी तक्रार केली, आणि ॲपने मला सभ्य भाषा वापरण्याची ताकीद दिली. एकाला मराठी येत होतं. त्याने उलट लिहिलं, "काका, तुम्ही तुमचा सांभाळा," आणि पुढच्याच चालीत माझा उचलला.

मग हिला मागे बसवली. स्टूल डाव्या हाताला, मांडीवर सोलायला मटार. पहिल्या दिवशी तिला खरीच सर्दी होती. तिच्या खोकल्यावर भरवसा ठेवून मी तीन उत्तम चाली मागे घेतल्या. दुसऱ्या दिवशी ती खोकण्याऐवजी सरळ बोलायलाच लागली, आणि तेही हत्तीला घोडा म्हणत. तिसऱ्या दिवशी तिने मटाराचं ताट उचललं आणि म्हणाली, "ज्या वजिराला स्वतःला सांभाळता येत नाही, त्याला राज्य सांभाळायला ठेवलंच कशाला? हे काम माझं नाही. हे ताईंचं काम आहे, त्यांनाच विचारा."

तेव्हा आराखडा असा तुझ्यापाशी येऊन अडलाय. तो दुसरा विषय मी काढलेला नाही, याची नोंद घे. बाकी सगळं क्षेम. लोभ तुझा आहेच. तो आणखी वाढवायला जागा कुठे उरली आहे म्हणून ते मागत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. सहज कळवतो. मी जिथे कवळ्या घडवायचो ती तळमजल्यावरची मागची खोली आता मोकळी आहे. रंगाचे दोन हात दिले, तेव्हा कुठे प्लास्टरचा वास गेला. पलंगापासून न्हाणीघर चार पावलं, दोन्ही बाजूंना धरायला दांडे लावलेत. सुताराने त्यांना स्वतः लोंबकळून दाखवलं. खोलीला आतून कडी आहे आणि कपाटाची किल्ली एकच आहे, ती तुझ्याकडे राहील.

ता. क. दुसरा. ही म्हणते, आणखी एक लिहा: त्या खोलीत जी अडगळ होती ती, म्हणजे चार पोती जुने जबडे, तिने स्वतः बाहेर काढली. आता पुन्हा तिथे अडगळ येऊ देणार नाही, माणूस आलं तर चालेल.

ता. क. तिसरा, आणि हा हिला न दाखवता लिहितोय. ते प्रगतिपुस्तक दोन वर्षांपूर्वीचं आहे. गेल्या महिन्यातल्या शंभर डावांत माझा वजीर फक्त नऊ वेळा गेला. बोटही वेळेवर उचलतो. रोज वीस कोडी सोडवली की येतं ते, त्याला कुणी मागे बसावं लागत नाही. हे मी वर लपवलं, कारण स्वतःच्या खुब्यासाठी तू एक पायरी उतरणार नाहीस, पण माझं काही अडलं तर तीनही जिने उतरशील, हे मला माहीत आहे. आणि माझं अडलंय हे खोटं नाही. रोज सकाळी तू फोन उचलेपर्यंत माझा चहा घशाखाली उतरत नाही, आणि परवा तू अकराव्या घंटेला उचललास. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी गाडी आणि तुला खुर्चीसकट खाली आणायला दोन दणकट माणसं घेऊन येतोय. तुझं उत्तर आलं नाही तर तो होकार समजेन, आणि नकार आला तर तो टपालात हरवला असं समजेन.