दार बंदच होतं

आबा, आज मी नोकरी करते त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन कच्च्या विटा केल्या. साखर कारखान्यांच्या भट्ट्यांना तुम्ही पुरवायचात तसल्याच, त्याच पांढऱ्या मातीच्या. एक तुमच्या रीतीनं बंद खोलीत, खालून भरपूर जाळ असावा तशी घाईनं तापवली. ती तडकली. दुसरी मायक्रोवेव्हमध्ये बेतानं वाळवली, ती सबंध निघाली. गरम हवेनं विटेची बाहेरची साल आधी वाळून आवळते आणि आतलं पाणी कोंडतं. मायक्रोवेव्ह आतल्या पाण्यालाच तापवून बाहेर काढतो. तडकायला दार उघडावं लागत नाही, आबा.

ते दुष्काळाचं साल. सोनईच्या आपल्या शेडमध्ये तुम्ही वाळवणीची खोली उघडता आणि सगळा माल तडकलेला. कारखान्यांचं उसाचं गाळप तोंडावर आलं म्हणून जाळ तुम्हीच वाढवला होता, पण तुम्ही आईकडे वळता. "दार उघडून वारा लावलास माझ्या विटांना. आता तुडव." ज्यानं माल बिघडवला त्यानं तो पायांनी तुडवून पुन्हा चिखल करायचा, हा तुमचा नियम. मातीत भाजक्या विटांचा चुरा होता. पाणीसुद्धा तुम्ही घरच्या पिण्याचं ओतलंत, तिनंच टँकरवरून डोक्यावर आणलेलं. एक गडी पुढं झाला तर म्हणालात, "कुनी मदी यायचं न्हाई." पांढऱ्या चिखलात तिच्या टाचांचं रक्त लगेच दिसत होतं. तुम्ही बिडी ओढत बसलात, आणि संध्याकाळी भाकरी करपली म्हणून ताट भिरकावलंत.

तुम्ही गेलात तेव्हा मी लोकलाजेस्तव पदर डोळ्यांना लावला होता. आज ती तडकलेली वीट घेऊन आईकडे गेले. म्हटलं, तुझ्यामुळं काही झालं नव्हतं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "दार म्या उघडलंच न्हवतं. त्यास्नी ठावं हुतं. गड्यांम्होरं आपलं चुकलं कसं म्हनायचं त्यांनी?" आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

तुमच्याविषयी मला तिरस्कारच वाटतो. पण दुसरी वीट सबंध निघाली तेव्हा मला आई आठवली नाही. ती वीट आधी तुम्हाला दाखवावी, तुम्ही बोटानं वाजवून "बरी हाय" म्हणावं, असं वाटलं. हे मी आईला सांगणार नाही.