फळ्याचा वरचा भाग

सिस्टर, तुमचा उजवा हात किती वर जायचा ते मला आजही भिंतीवर खूण करून दाखवता येईल. गळ्यातल्या क्रुसाच्या वर, हनुवटीच्या जरा खाली. तिथे खडू थांबायचा. त्यामुळे आमच्या वर्गातल्या फळ्याचा खालचा अर्धा भाग पुसून पुसून राखाडी झालेला आणि वरचा काळाकुळकुळीत, कुणी कधी हातच न लावल्यासारखा. मुली म्हणायच्या, वरचं सिस्टर कुणासाठी तरी राखून ठेवतात. गणित सांगता सांगता तुम्ही मध्येच थांबून वर बघायचात, तेव्हा मलाही वाटायचं की तिथे काहीतरी लिहिलेलं आहे आणि ते फक्त तुम्हाला वाचता येतंय.

आता मी तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे. नारायण पेठेतून कंपनीच्या बसने हिंजवडीला जाते आणि नोकरीला लागलेल्या नव्या मुलांना परदेशी माणसांशी फोनवर कसं बोलायचं ते शिकवते. तुम्ही शिकवलेलं इंग्रजी विकून पोट भरते म्हणा. पोट जरा जास्तच भरलं. तिथे रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो, रोज केक. नाही म्हटलं की पोरांचं तोंड एवढंसं होतं, म्हणून मी घेत गेले. तुम्हीही घ्यायचात, वर्गात पन्नास मुली, पन्नास घरचे डबे. गेल्या वर्षी माझा खांदा धरला. आधी रात्रंदिवस दुखला, मग नुसताच अडकला. वेणी घालता येईना, फडताळातला वरचा डबा काढता येईना. डॉक्टरांनी खांद्याला हात लावण्याआधी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि रक्त तपासायला पाठवलं. मी म्हटलं, अहो, दुखतोय तो खांदा. ते म्हणाले, "खांदा पोटापासून वेगळा राहतो असं कुणी सांगितलं तुम्हाला?" रक्तात साखर वाढलेली राहिली की सांध्याभोवतीचं आवरण आखडतं, अंगावरच्या जादा चरबीने आतली सूज हटायला वेळ लागतो, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गोड बंद करायचं, वजन उतरवायचं, आणि रोज भिंतीवर बोटं चालवत हात थोडा थोडा वर न्यायचा. हे सगळं मी आधी एकदा पाहिलेलं होतं.

त्या दिवशी मला दहा वर्षं पूर्ण झालेली. आईने बेसनाचे लाडू केलेत, पहिला तुम्हाला द्यायचा म्हणून मी प्रार्थनेच्या घंटेआधीच वर्गात येते. तुम्ही फळ्याकडे तोंड करून उभ्या आहात, डोळे मिटलेले, चिमटीत खडू, आणि बोटं कोळ्याच्या पायांसारखी फळ्यावरून वर चढतायत. थांबतात तिथे खडूचा बारीक ओरखडा उठतो. कालचा ओरखडा तिथेच आहे, परवाचाही. मी डबा पुढे करते. तुम्ही हसून म्हणता, "नको बाळ, डॉक्टरांनी गोड बंद केलंय. खांद्यासाठी." खांद्यासाठी लाडू नको, हे मला धडधडीत खोटं वाटलं. सगळ्यांचं खाल्लंत आणि नेमकं माझं नको. तुम्ही प्रार्थनेला गेलात. मी खुर्चीवर चढले आणि वरच्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख लिहिली, तुम्हीच गिरवून घेतलेल्या तिरक्या इंग्रजी अक्षरांत, जुलैच्या पहिल्या अक्षराला खाली तुमचं ते वेटोळं काढून. माझा वाढदिवस तुम्हाला पुसता येऊ नये, एवढंच मनात असेल.

परत आल्यावर ते पाहून तुम्ही पांढऱ्या पडलात. कुणी लिहिलं, विचारलंत. मी वहीत मान घातली. तुम्ही त्या अक्षरांकडे बघत राहिलात, मग स्वतःच्या हाताकडे. "मी?" असं अगदी हळू म्हणालात, ते आम्हाला उद्देशून नव्हतं. मग माझ्या बाकाशी येऊन म्हणालात, "दे बाळ, तुझा लाडू." दोन खाल्लेत. त्यानंतर तुम्ही कुणालाच नाही म्हणाला नाहीत, आणि सकाळचे ओरखडेही थांबले. एकदा वर गेलेला हात पुन्हा जाईलच, असं वाटलं असेल तुम्हाला. मी शाळा सोडायच्या आधीच तुम्ही साखरेने गेलात. आम्ही रांगेने बघायला आलो. उजवा हात छातीवर होता, खडू थांबायचा त्याच्या किती तरी खाली.

या मंगळवारी माझ्या वर्गातल्या वर्ध्याच्या मुलीचा वाढदिवस होता. तारीख माझीही तीच, पण केक नको म्हणून कंपनीत मी ती कुणाला सांगितलेली नाही. तिने संत्रा बर्फी पुढे केली. मी नको म्हटलं, खांद्यासाठी. ती "खांद्यासाठी?" म्हणून हिरमुसून बाहेर गेली. बाकीची मुलं यायला वेळ होता, म्हणून मी पांढऱ्या फळ्यावर बोटं टेकवली, डोळे मिटले, आणि दुखेल तितका हात चढवला. मग पाणी प्यायला गेले. परतले तर मुलं बसलेली होती आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख होती. तिरकी अक्षरं, जुलैचं वेटोळं. ही पोरं कीबोर्डवर वाढलेली. असं अक्षर त्या इमारतीत माझ्याशिवाय कुणी काढत नाही. कुणी लिहिलं, मी विचारलं. वर्ध्याची मुलगी म्हणाली, "तुम्हीच तर उभे होते ना मॅडम तिथं." ती हसत नव्हती. माझा खांदा मला एकदम हलका वाटला. मी म्हटलं, "दे, तुझी बर्फी." दोन खाल्ल्या.

सिस्टर, ती तारीख मी लिहिली होती. तुमचा हात वर गेला नव्हता. हे पत्र माझ्या जुन्या गणिताच्या वहीत राहील, दुसरीकडे कुठे पाठवणार. त्या मुलीला मी पुन्हा काही विचारलेलं नाही; ती 'मीच लिहिलं' म्हणाली असती तर मला चाललं नसतं. आज सगळे गेल्यावर फळा पुसायला घेतला. हात हनुवटीशी थांबला, तारीख वरच राहिली. खुर्ची शेजारीच होती. मी ती ओढली नाही.