माझ्या जागेवर कुणी नको

मी, अक्षता शिवाजी मगरे, वय २७, धंदा नोकरी, रा. वडीगोद्री, ता. अंबड, जि. जालना, हे मृत्युपत्र स्वतः लिहीत आहे. मला रक्ताचा कर्करोग आहे. औषधांनी अक्षर बिघडलं आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणाचा दबाव नाही. आला तो मी मानलेला नाही.

१. माझ्या नावावरच्या दोन खोल्या व भविष्य निर्वाह निधी आई मालनबाई हिला. माझ्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मंडप घालू नये.

२. स्कूटी धाकटी बहीण शिवकन्या हिला. मागचा ब्रेक उशिरा लागतो, तो आधी बघून घ्यावा.

३. कीटकनाशक कारखान्याच्या प्रयोगशाळेतली माझी जागा कुणालाही नाही. त्या जागेवर शिवकन्येला घ्यायला साहेब तयार आहेत. तातेरावमामा म्हणाले, "पोरी, जागा घरातच राहू दे. कंपनी सोताहून बलावून राह्यली!" शिवकन्या माझा पांढरा कोट घालून आरशापुढे उभी राहिली. "ताई, बाह्या तेवढ्या दुमडाव्या लागतेत. बाकी बराबर बसला." तिला तो शोभत होता. मी तोंड फिरवलं.

म्हणून कारण लिहिते. तिथल्या द्रावकात बेंझिन असतं. त्याची वाफ श्वासातून रक्तात जाते. शरीरात त्याची जी विषारी रूपं होतात, ती हाडांच्या मगजातल्या पेशींच्या गुणसूत्रांना इजा करतात. पेशी ती इजा दुरुस्त करते; जमलं नाही तर बहुधा मरते. एखादी मात्र चुकीची दुरुस्ती घेऊन जगते, आणि वाढत राहते. माझा आजार यानेच झाला, हे सिद्ध करता येणार नाही. तो दावा मी करत नाही. बहिणीवर प्रयोग मात्र नको.

४. वाफ ओढणारा पंखा मागितला की साहेब म्हणत, "मॅडम, खिडकी हाय की!" त्यांना मी माफ केलेलं नाही. हे वाक्य काढा, असं वकील म्हणाले. ठेवलं आहे.

५. प्रितम खरात अजून तिथेच, माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतात. त्यांनी लग्नाचं विचारलं होतं. मी "बघू" म्हणाले. त्यांनीही ती नोकरी सोडावी. हे हक्काने सांगता आलं असतं, तो हक्क मी वेळेवर घेतला नाही.

ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करू नये, असा वकिलांचा सल्ला आहे. प्रितम यांना साक्षीदार केलं आहे, त्यामुळे त्यांच्या नावे काही ठेवलेलं नाही. द्यावंसं वाटलं नाही, असं त्यांनी समजू नये.

वाचून, समजून सही केली.
वडीगोद्री, १६ फेब्रुवारी २०२५
अक्षता शिवाजी मगरे

साक्षीदार (स्वहस्ते):
सोनूबाई साळवे, वय ५१, धंदा अंगणवाडी सेविका, रा. वडीगोद्री
प्रितम देवानंद खरात, वय २९, धंदा आजपासून काही नाही, रा. घनसावंगी