माळ्यावरचे उंदीर

५ एप्रिल २०२१
आली एकदाची रायपूरले. भनपुरीत यशवंतरावकाकांचं साड्यांचं गोदाम आहे, तिथं बिलं बनवायची नोकरी. काका बाबांचे जुने स्नेही. बाबांले म्हणाले, मंजिरी आमचीच पोरगी, काळजी काहून करता? सोबतीले कौमुदी आहे, इथल्याच गुढियारी भागातली. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. करोना जवळ येत नाही म्हणून तिनं कापूर-लवंगांच्या पोटल्या शिवल्या. मले लाल दिली, स्वतःले पिवळी. गोंदियाची आठवण यायले फुरसतच नाही.

९ एप्रिल
लॉकडाऊन लागला. लग्नसराईचा माल अडकला म्हणून काकांनी आम्हा दोघींले गोदामातच ठेवून घेतलं. शटरले बाहेरून कुलूप, म्हणजे पोलिसांले बंद दिसते. माल मागच्या दारानं जातो, त्याची किल्ली काकांजवळ. कोणी व्हिडिओ टाकेल म्हणून मोबाईल बी त्यांच्याकडेच. डबा मात्र काकूंच्या हातचा, घरच्यासारखा.

१३ एप्रिल
काल कौमुदी तापानं फणफणली होती. डॉक्टर बोलवा म्हटलं, तर काका म्हणाले, रिपोर्ट आला की गोदाम सील होते. आज उठून पाहते तर तिची चटई गायब. घरी सोडून आलो म्हणाले. मले न सांगता गेली कशी ही?

१५ एप्रिल
बिलं करून राहिली होती, तर वर माळ्यावर कोणी खोकललं. उंदीर असतील, काका म्हणाले. उंदीर खोकलतात का? तेवढ्यात कौमुदीच्या आईचा फोन आला. काकांनी गोड आवाजात सांगितलं, कौमुदी मजेत आहे, कामात आहे. मग घरी सोडलं ते कोणाले?

१६ एप्रिल
माळ्याच्या दाराले कुलूप. हाक मारली तर आतून तिनं पाणी मागितलं. मी काकांच्या पाया पडली. आमचीच पोरगी ना तू, म्हणाले, मग गप राहा.
आपलं माणूस म्हणून आली होती मी. केसानं गळा कापला.

१७ एप्रिल
वर आवाज नाही. सकाळपासून नाही. मले ताप —

१८ एप्रिल
मी माळ्यावर. आराम कर म्हणाले अन् कुलूप लावलं. तिची चटई — कोपऱ्यात साड्यांचा ढीग, त्याखालून पिवळी पोटली — हात लावायची हिंमत नाही —

खाली फोन. बाबांचा. काका सांगून राहिले, मंजिरी मजेत आहे, कामात — बाबा — ओरडते तर नुसता खोकला — बाबांनी ऐकला वाटते, विचारलं असेल — काका हसून म्हणतात, काही नाही हो, माळ्यावर उंदीर —