भिंतीवरचा रिकामा खिळा

ता. ३, सोमवार

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

आमच्या लेकीच्या, ढलपीच्या, पहिलीसाठी मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: उतार कमीजास्त करता येणारं लिहायचं मेज, त्याला साजेशी खुर्ची, पेन्सिलींची पेटी, जिचं सरकतं झाकण लागताना आवाज करत नाही, नुसता उसासा टाकतं, दप्तर टांगायची खुंटी, बरोबर तिच्या खांद्याच्या उंचीवर, आणि सगळी मुळाक्षरं, सागाची, कडा घासून गालावर फिरवली तरी टोचणार नाहीत अशी. ‘ळ’ कापताना करवतीची दोन पाती मोडली. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. हे तुला माहीत आहे, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शाळा सुरू झाली. ढलपी रडली नाही. दाराशी मीच जरा जास्त वेळ रेंगाळलो, पण ते दाराची बिजागरी बघत होतो म्हणून. ती उलटी बसवली आहे.

शनिवारी पालकांची सभा झाली. पहिलीच्या बाकावर बसवलं, त्यामुळे गुडघे कानांशी. बाई तरुण आहेत, आवाज चांगला आहे. पहिलीच्या वर्षात पालकांनी काय अपेक्षा ठेवावी, असं काहीसं सांगत होत्या. एक छापील कागदही वाटला. पण ताई, मी ज्या बाकावर होतो त्याचा एक पाय आखूड. बाई बोलत होत्या आणि मी डुलत होतो. शेवटी तो कागद चौपदरी घडी घालून पायाखाली सरकवला. काय सांगू, जाडी तंतोतंत बसली. बाक हलायचं थांबलं. सभा माझ्यापुरती यशस्वी झाली.

कागदात काय होतं ते वाचायचं राहिलं. तू जन्मभर पहिलीला शिकवलंस, तुला तोंडपाठ असेल. सवडीने कळव. घाई नाही, आमची तयारी पूर्ण आहे.

लोभ असावा, आणि त्यावर उगाच रंधा मारू नये.

तुझा
धाकटा


ता. ९, रविवार

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण विचारायला आली. मी नोकरीभर पहिलीतच राहिले, मला दुसरीत कुणी घातलंच नाही; पण माझ्या कागदाचा बाकाखाली असा उपयोग करणारा पालक मला कधी भेटला नाही. हा मान माझ्याच घरात यायचा होता.

आता काय अपेक्षा ठेवायची ते ऐक, आणि हे पत्र कशाच्याही पायाखाली घालू नकोस. डबा अर्धा परत येईल. खोडरबर हरवतील, ते कुठे जातात हे मला आजतागायत कळलेलं नाही. शाळेत काय झालं विचारलंस तर काही नाही असं उत्तर येईल, आणि मग आंघोळ करताना ती आपण होऊन सगळं सांगेल. एक मैत्रीण आज जिवाची असेल, उद्या तोंड बघायची नाही, परवा पुन्हा गळ्यात गळा. संध्याकाळी चिडचिड होईल. दिवसभर शहाण्यासारखं वागून लेकरू दमलेलं असतं. अक्षरं रेघेवरून घसरतील, काही आरशात बघितल्यासारखी उलटी येतील. येऊ देत. आणि बाई म्हणतील तेच खरं ठरेल. तू कुणीही असलास तरी.

एक गोष्ट मात्र कान देऊन वाच. मुलांना घरून काही करून आणायला सांगतात. ती वस्तू सहा वर्षांच्या मुलीने केल्यासारखी दिसली पाहिजे. फार नीटनेटकं काही आलं की बाईंच्या पोटात गोळा येतो. तुला म्हणून सांगून ठेवते.

मेजाचा उतार तुझ्या माथ्याइतका तिरका नसावा अशी आशा. लोभ आहेच, त्यातला मोठा वाटा सध्या भाचीकडे वळवला आहे, राग मानू नये.

तुझी
ताई


ता. २१, शुक्रवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डबा, खोडरबर, आंघोळ, सगळं तुझ्या म्हणण्याप्रमाणे. शेवटच्या मुद्द्याबद्दल मात्र तुझा अनुभव जरा जुना झाला असं नम्रपणे सुचवतो. आता तसं राहिलेलं नाही. पुरावा देतो.

बाईंनी मुलांना पुठ्ठ्याचं घड्याळ करून आणायला सांगितलं, काटे फिरतील असं. पुठ्ठा मला आवडत नाही. दमट हवेत त्याला पोक येतं. पातळ प्लायवूडची तबकडी कापली, आकडे पितळी पत्र्याचे, आणि मागे लाकडी दातेरी चाकं बसवली. मोठा काटा फिरवला की लहान काटा त्याच्या मानाने आपोआप सरकतो. रविवार त्यात गेला. ढलपी शेजारी स्टुलावर बसून शांतपणे बघत होती. मधे तिने आकडे चिकटवू का विचारलं. गोंद ओला होता, मी म्हटलं, नको, हात लावू नकोस, नुसतं बघ. एकाग्रता वाखाणण्यासारखी आहे तिची.

आता ऐक. बाकी सगळ्या मुलांची घड्याळं वर्गाच्या भिंतीला खिळ्यांवर अडकवली. ढलपीचं थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत, कपाटावर. बाकीच्यांत ठेवण्यासारखं नाही, असं बाई स्वतः म्हणाल्या. मी घरी आल्यावर हे ढलपीच्या आईला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती उठून आत गेली. कामात असेल.

ढलपी हल्ली फार बोलत नाही. शाळेत जाणती होत चालली असणार.

लोभ आहे तसाच ठेवावा, पुठ्ठ्यासारखा पोक येऊ देऊ नये.

तुझा
धाकटा


ता. २४, सोमवार

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमच्या बंधुराजांनी कपाटावरच्या घड्याळाबद्दल लिहिलं असेलच. आता माझ्याकडून ऐका.

मला बाईंनी शुक्रवारी बोलावून घेतलं होतं. यांना बोलावलं असतं तर पुन्हा बिजागरी निघाली असती, असं त्या हसत म्हणाल्या. घड्याळ कुणी केलं असं वर्गात विचारल्यावर ढलपीने खरं ते सांगितलं: बाबांनी, मला हात लावायचा नव्हता. मग बाईंना ते भिंतीवर लावता येईना, कारण भिंत मुलांच्या कामाची आहे. प्रत्येक खिळ्याखाली नाव लिहिलेलं आहे. ढलपीच्या नावावरचा खिळा तेवढा रिकामा, आणि तिचं बाक नेमकं समोर.

तेव्हापासून ती वर्गात हात वर करत नाही. लिहायला सांगितलं तर लिहिते आणि खोडते, खोडते आणि कागद फाटतो. बाईंनी तिला नवा पुठ्ठा देऊन आपलं आपण घड्याळ कर म्हटलं, तर मला येत नाही, बाबांना येतं, असं म्हणून पुठ्ठा परत केला. चुकलं तरी चालतं असं तिला घरी कुणी सांगितलंय का, असं बाईंनी विचारलं. मी काय सांगणार? आमच्या घरात चुकलं की ते उखडून पुन्हा बसवतात.

पुढच्या शनिवारी सगळ्या पालकांना वर्ग बघायला बोलावलंय. तोवर खिळा भरला नाही तर माझी पोर सगळ्यांदेखत त्या रिकाम्या खिळ्याखाली उभी राहील. मी सांगितलं तर यांना टोचून बोलल्यासारखं वाटतं. तुमचं ते ऐकतात. निदान ऐकून मग वाद घालतात. कृपा करून लिहा.

तुमची माया अशीच असावी, आमच्या घरात तिची सध्या गरज आहे.

आपली
वैतागलेली भावजय


ता. २५, मंगळवार

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं घड्याळ कपाटावर गेलं तो मान नव्हता, बाबा. ती तडीपारी होती. बायकोने लिहिलंय, तिच्यावर रागावलास तर मी पहिल्या गाडीने येऊन तुला कोपऱ्यात उभा करीन.

ढलपीच्या नावाचा खिळा रिकामा आहे आणि ती दिवसभर त्याच्याकडे बघत बसते. तिला वाटतंय की जगात दोनच प्रकारची कामं असतात, बाबांसारखी आणि टाकून देण्यासारखी. सहाव्या वर्षी हे वाटलं तर पुढे ती कशालाच हात लावणार नाही.

तू पहिलं स्टूल केलंस ते मला आठवतं. मामा त्यावर बसले आणि जमिनीवर उतरले. आपल्या बाबांना सुतारकाम येत होतं, तरी त्यांनी त्या स्टुलाला बोट लावलं नाही. मामांना हात देऊन उठवलं आणि तुला म्हणाले, पुढच्या वेळी मामांच्या मापाने कर. कुणी शिकवलं नाही असं तू छाती काढून सांगतोस ना? मग तेवढंच भाग्य लेकीलाही मिळू दे. तिलाही जरा कुणी शिकवू नकोस.

रविवारी तिच्यापुढे पुठ्ठा ठेव आणि स्वतःच्या दोन्ही हातांवर बस. खरोखर बस. मला तुझा भरवसा नाही.

लोभ आहे म्हणूनच कान धरते आहे.

तुझी
ताई


ता. ७, रविवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हातांवर बसलो. मुंग्या आल्या.

आधी तुझ्या पत्रावर दोन दिवस धुसफुसलो. मग शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्या बाकापाशी गेलो आणि पायाखालचा कागद काढून तिथे लाकडाची चकती बसवली. कागद उलगडून वाचला. सहाव्या ओळीत ठळक अक्षरात: मुलांचं काम मुलांनाच करू द्यावं. त्याच ओळीवर बाकाचा पाय टेकत होता. मी शाळेच्या पायरीवर बसून स्वतःला जे म्हणालो ते तुला लिहिण्यासारखं नाही.

मागच्या रविवारी ढलपीपुढे पुठ्ठा आणि कात्री ठेवली. तिने हात मागे घेतले. बाबा, तूच कर, म्हणाली. मी म्हटलं, मला पुठ्ठ्याचं येत नाही. हे खरंच आहे, पुठ्ठ्याला मी आयुष्यात मान दिलेला नाही. मग मी तिला मामाआजोबा पडल्याची गोष्ट सांगितली, तुझ्या पत्रात होती तशी, थोडा आपटण्याचा आवाज वाढवून. ती इतकी हसली की हसता हसता कात्री हातात घेतली.

ताई, पुढचं बघवत नव्हतं. गोल म्हणून जे कापलं त्याला बटाटा म्हणायचीही हिंमत लागते. वरून एक लिहिला, मग दोन, तीन, दाटीवाटीने उतरत गेली, आणि बारा संपले तेव्हा तबकडीचा डावा वरचा भाग मोकळाच. मी नकळत एक हात सोडवून पेन्सिलीकडे नेला, तर हिने स्वयंपाकघराच्या दारातून नुसतं खाकरलं. हात परत खाली.

शेवटी राहवलं नाही. एवढी मोकळी जागा कशासाठी, असं अगदी सहज विचारलं. माझा आवाज सहज नव्हता असं हिचं म्हणणं. ढलपीने जागेकडे बघितलं, विचार केला, आणि सांगितलं की ती मधली सुट्टी. तिथे आकडे नसतात, तिथे काटा खेळतो.

मी आजवर शेकडो जोड मारले, पण चूक अशी जागच्या जागी बसवलेली पाहिली नाही. काटे अडकवायला भोक पाडताना मला नुसतं धरायला सांगितलं. हलू नकोस म्हणाली, दोनदा. धरलं.

काल वर्ग बघायला गेलो. खिळा भरलेला. घड्याळ इतकं वाकडं टांगलंय की माझी मान आपोआप कलली. दोन्ही हात खिशात घातले आणि तिथेच ठेवले. बाईंनी ते पाहिलं आणि मान डोलावली, पास झाल्यासारखं वाटलं. ढलपी येईल त्या प्रत्येकाला ओढून नेत होती आणि मधली सुट्टी दाखवत होती. बाईंनी काहीतरी विचारलं तर तिने हात वर केला. उत्तर चुकलं. तिने पुन्हा हात वर केला.

सागाच्या मुळाक्षरांतला ‘ळ’ आता बाहुलीची खुर्ची आहे. उलटा ठेवला की बसता येतं म्हणे.

लोभ असावा. थोडा वाकडा असला तरी चालेल, मी सरळ करायला येणार नाही.

तुझा
धाकटा

ता. क. एक सांगायचं राहिलं. हिला कळवू नकोस. ढलपीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील दाताचे डॉक्टर आहेत. त्यांनी कपाटावरचं माझं घड्याळ पाहिलं आणि मला फाटकाशी गाठलं. त्यांच्या मुलाला या वर्षी जे जे करून न्यायचंय, घर, पूल, पवनचक्की, ते सगळं मी करून द्यावं, लाकूड त्यांचं, मजुरी वेगळी. पवनचक्की म्हटल्यावर मी उंची किती हवी ते विचारून बसलो, खोटं कशाला बोलू. पाती कशी ठेवायची तेही मनात ठरलं होतं. तेवढ्यात त्यांचा मुलगा त्यांच्या मागून माझ्या हातांकडे बघताना दिसला, अगदी ढलपी स्टुलावर बसली होती तशी. मग मी डॉक्टरांना विचारलं, मुलाचं जेवण तुम्ही चावून देता का. ते हसले आणि त्यांनी रक्कम वाढवली. मी नाही म्हटलं. अठरा हजारांना.